सहा टाक्यांचा बेडूक

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा माझ्या पिशवीत पुस्तकांबरोबर एक बेडूक होता. हिरव्या लोकरीचा, चार बोटे उंचीचा, पोटात कापूस भरलेला. त्या दिवसांत आमच्या घरी फार धांदल असते. दसरा-दिवाळी उरकली की आमच्या गावातील पुष्कळ घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दारात ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, आणि भांडी, पिठाचे डबे, पांघरुणे, कोंबड्या, लहान मुले असा सारा संसार ट्रॉलीत चढतो. बीड जिल्ह्यातील वाचकांना हे मी नव्याने सांगावे असे नाही. आमच्या वर्गातील कितीतरी जणांचे आईवडील याच वाटेने ऊसतोडीला जातात.

आईने तो बेडूक हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "बेडूक कामून केलास गं? पाऊस तर सरला."

तिचा प्रश्न अगदी योग्य होता. आमच्याकडे पावसाने ओढ दिली की कडुलिंबाचा पाला गुंडाळलेला मुलगा आणि काठीला बांधलेला बेडूक घेऊन 'धोंडी' दारोदार फिरते. बेडूक म्हणजे पाऊस, एवढेच नाते आईला ठाऊक. मी तिला निराळे नाते सांगितले. ते काय, हा बेडूक कसा होतो आणि त्याच्यामुळे मी कोणत्या विचारात पडले, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

ही कला मी वसतिगृहात शिकले. आमच्या खोलीत आम्ही चौघीजणी राहतो. त्यांपैकी एकीची आई क्रोशाची तोरणे आणि रुमाल विणून विकते. त्यामुळे मैत्रिणीच्या पेटीत सुई आणि लोकरीचे गुंडे कायमचेच. पहिल्या सत्रात तिने मला साखळी शिकवली, मग खांब शिकवला. माझा पहिला रुमाल चौकोनी व्हायचा तो तिकोनी झाला. पुढे एके दिवशी तिने मोबाईलवर एका लोकरीच्या सशाचे चित्र दाखवले आणि म्हणाली, "हे जपानी आहे, याला अमिगुरुमी म्हणतात." तेव्हापासून रुमाल मागे पडला.

अमिगुरुमी हा शब्द दोन शब्दांच्या संयोगाने झालेला आहे. 'अमि' म्हणजे विणलेले आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घालून शिवलेली बाहुली. भरलेली बाहुली आपल्याला परकी नाही. पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या-पोपट आपल्याकडे आज्या-पणज्या शिवत आल्या आहेत. चिंध्यांची बाहुली कोणी पाहिली नाही? पण आपल्या बाहुलीत कापड आधी असते आणि आकार नंतर शिवावा लागतो. अमिगुरुमीत कापड आणि आकार एकदमच जन्माला येतात. सुईने एकेक टाका घालत जावे आणि टाक्यांच्या संख्येतूनच डोके, पोट, पाय आपोआप उमटत जावेत, ही तिची खरी मौज आहे.

जपानी लोकांना लहानग्या, गोंडस वस्तूंची विलक्षण ओढ आहे. अशा गोंडसपणाला ते 'कावाई' म्हणतात. १९७४ साली एका जपानी कंपनीने निर्माण केलेली 'हॅलो किटी' ही मांजरी याच आवडीचे अपत्य. आज ती आपल्याकडील मुलींच्या कंपासपेटीवरही दिसते. अमिगुरुमीचे प्राणीही त्याच वळणाचे असतात. डोके मोठे, अंग लहान, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा छंद जपानबाहेर झपाट्याने पसरला आणि आता तो आमच्या वसतिगृहातील खोली क्रमांक सातपर्यंत येऊन पोहोचला आहे.

आता कृती सांगते. सामान थोडेच लागते : लोकरीचा एक गुंडा, अडीच किंवा तीन मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, भरायला कापूस, मोठ्या नाकाची शिवायची सुई आणि थोडा काळा दोरा. रुमाल विणताना आपण लोकरीच्या जाडीला साजेशी सुई घेतो. येथे तिच्याहून एक नंबर बारीक घ्यावी. वीण घट्ट बसली पाहिजे, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतला कापूस डोकावतो.

सगळा प्राणी एकाच टाक्याने विणला जातो. त्याला मुका खांब म्हणतात. सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यावा, सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढावा. झाला मुका खांब. आरंभी बोटाभोवती दोरा गुंडाळून एक सैल फास करावा, त्यात ६ मुके खांब विणावेत आणि दोऱ्याचे मोकळे टोक ओढावे. फास आवळला जातो आणि मध्ये छिद्र उरत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके घालावेत, म्हणजे १२ होतात. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असे करत १८. चौथ्या फेरीत दोन टाके एकेरी आणि तिसरा दुहेरी, म्हणजे २४. असेच पुढे ३० आणि ३६.

फेरी संपली म्हणून थांबायचे किंवा जोडायचे नाही. गोगलगाईच्या शंखासारखी वीण फिरतच राहते. त्यामुळे फेरी कोठे सुरू झाली ते डोळ्यांना कळत नाही. यासाठी पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाचा धागा अडकवून ठेवावा. मी प्रथम हा धागा लावला नव्हता. 'मोजणे मला जमते' असा माझा समज होता. त्या सशाचा एक गाल सुजल्यासारखा झाला आणि मैत्रिणींनी त्याला दाढदुखीचा ससा असे नाव ठेवले.

चकती हवी तेवढी मोठी झाली की टाके वाढवणे बंद करावे. त्याबरोबर कड वर वळू लागते आणि चकतीची वाटी होते. पाच-सहा फेऱ्या अशा सरळ विणाव्यात. मग उलटा हिशेब सुरू करावा : दोन टाक्यांचा एक करत ३०, २४, १८. येथे थांबून कापूस भरावा, कारण पुढे बोट आत जात नाही. नंतर १२, मग ६, आणि गाठ. हातात एक गोळा येतो. ज्याला गोळा जमला त्याला सारे प्राणी जमले. बेडूक म्हणजे दोन मोठे गोळे, डोळ्यांसाठी दोन चिमुकले गोळे आणि पायांसाठी चार नळ्या. सहा टाक्यांवर सुरुवात करून काहीच वाढवले नाही की नळी होते.

दोन गोष्टी अनुभवाने कळल्या, त्या येथे सांगून ठेवते. आमच्या रानातील सरकी काढलेला कापूस मी हौसेने भरला. पण धुतल्यावर त्याच्या आत गाठी झाल्या. जो प्राणी वारंवार धुतला जाणार त्यात उशांत भरतात ते फायबर बरे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तीन वर्षांखालील मुलासाठी प्राणी करायचा असेल तर मणी, बटण किंवा प्लास्टिकचा डोळा मुळीच लावू नये. लहान मूल तो ओढून तोंडात घालते आणि तो घशात अडकू शकतो. काळ्या दोऱ्याने डोळे भरले की काम भागते.

आता जिज्ञासू वाचक विचारील, की हे टाके सहा-सहानेच का वाढवायचे? मलाही हा प्रश्न पडला. आमच्या कला शाखेत गणित नाही. म्हणून मी कनिष्ठ महाविद्यालयातील गणिताच्या सरांकडे लोकरीची चकती घेऊन गेले. सर आधी हसले, मग त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढले. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, तिच्या २ × ३.१४, म्हणजे ६.२८ पट परीघ वाढतो. आपण एक फेरी विणली म्हणजे त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखीच असते. तेव्हा परिघावर सुमारे सहा टाक्यांची जागा नवी तयार होते. तेथे सहाच टाके घातले तर चकती सपाट राहते. कमी घातले तर तिची वाटी होते, जास्त घातले तर परकराच्या झालरीसारख्या चुण्या पडतात. मुक्या खांबाऐवजी उंच खांब विणला तर सुरुवातच सुमारे बारा टाक्यांनी करावी लागते. कारण फेरीची उंची दुपटीच्या आसपास जाते. दहावीला पाठ केलेले सूत्र बोटांना कळले ते तेव्हा. ज्या बायकांनी कधी शाळा पाहिली नाही त्यांनीही विणता विणता हे सूत्र हातात बसवून घेतले असेल, हा विचार माझ्या मनात त्या दिवशी आला.

या चुण्यांचीही एक गोष्ट आहे. भूमितीत 'अतिपरवलयी प्रतल' नावाची एक कल्पना आहे. या प्रतलावर एका रेषेबाहेरील बिंदूतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा काढता येतात. हे कागदावर नीट दाखवता येत नाही. कागदाचे नमुने चटकन फाटतात. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिन्या या मूळच्या लॅटव्हियातील गणितज्ञ बाईंनी ते क्रोशाने विणून दाखवले. ठराविक टाक्यांमागे एक टाका सतत वाढवत नेला आणि लोकरीच्या चुण्यांतून ते प्रतल हातात धरण्याजोगे झाले. स्वयंपाकघरातल्या खुंटीवर लटकणारी सुई विद्यापीठाच्या वर्गात गेली, याचा मला फार आनंद वाटतो.

तथापि क्रोशाचा सगळाच इतिहास असा आनंदाचा नाही. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडा. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्यानंतरच्या भीषण दुष्काळात लाखो माणसे मेली. तेव्हा तेथील मठांतील जोगिणींनी गरीब बायकामुलींना क्रोशाची लेस विणायला शिकवले. त्या लेसच्या विक्रीवर कितीतरी घरे जगली. दुष्काळ आला की हाताला दुसरे काम शोधावे लागते. आमच्या भागात त्या कामाचे नाव कोयता, त्यांच्याकडे क्रोशाची सुई.

आपल्या देशात याचे मोठे केंद्र म्हणजे आंध्र प्रदेशातील नरसापूर. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी जेथे समुद्राजवळ पोहोचते त्या भागात हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथे ही विद्या नेली. पुढे ही लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील बायकांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. समाजशास्त्राच्या आमच्या बाईंनी वर्गात त्याची माहिती दिली तेव्हा मी कान टवकारून ऐकले. घरचे सारे काम सांभाळून या बायका रोज कित्येक तास लेस विणत. परंतु व्यापाऱ्यांच्या लेखी त्या 'घरी बसणाऱ्या गृहिणी' आणि त्यांचे विणकाम म्हणजे 'रिकामा वेळ'. काम करणारी बाई कामगार म्हणून गणली गेली नाही की तिला मजुरीही कामाप्रमाणे द्यावी लागत नाही, हे त्या पुस्तकाचे सार.

मला याचा पडताळा लवकरच आला. पहिल्या वर्षी खर्चाला हातभार म्हणून मी एक ससा घेऊन भेटवस्तूंच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने तो दाबून पाहिला आणि ६० रुपये सांगितले. ससा करायला मला ७ तास लागले होते आणि ३२ रुपयांचे सामान गेले होते. उरले २८, म्हणजे तासाला ४ रुपये. मी म्हटले, "काका, एवढे तास लागतात हो." ते सहज म्हणाले, "अगं, तुम्ही मुली टाइमपास म्हणूनच करता ना?" त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. स्वेटरची वीण यंत्र झरझर विणते, पण क्रोशाची खरी वीण कारखान्यातील यंत्रांना जमलेली नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा क्रोशाचा ससा दिसला तर समजावे की तो कुणाच्या तरी हातांनीच विणला आहे. स्वस्त आहेत ते ते हात. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आईने एवढेच विचारले, "टनाला काय भाव हाय याचा?" तिला टनाचा हिशेब समजतो. मी तो ससा विकला नाही. शेजारच्या काकूंच्या नातीला बारशाला दिला.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की विकायला आणि द्यायला करणे ही दोन निराळी कामे आहेत. विकताना तासांचा हिशेब निर्भीडपणे मागितला पाहिजे, आणि द्यायचे असेल तेव्हा तो पूर्णपणे विसरला पाहिजे. आमच्यासारख्या घरात भेट देणे हा नेहमीच पेच असतो. स्टीलची वाटी म्हटली तरी पैसे पडतात. हाताने केलेल्या भेटीत आपण आपला वेळ देतो. घेणाऱ्यालाही ते कळते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून एक उपक्रम चालू झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वयंसेवक सुती धाग्याचे लहान ऑक्टोपस विणून देतात. त्याच्या वळ्यावळ्यांच्या पायांशी बाळ चाळा करते, तो मुठीत धरते, आणि मग नळ्या ओढत नाही, असा आयांचा अनुभव आहे. डॉक्टर मात्र पुरेसा पुरावा नसल्याने तो उपचार म्हणून मानीत नाहीत. तरीही तो धुण्याजोगा असावा, पाय ताणूनही २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावेत, म्हणजे बाळाला त्यांचा फास बसणार नाही, असे काटेकोर नियम त्यांनी घालून घेतले आहेत. प्रेमाने दिलेली वस्तूही मोजून-मापूनच करावी लागते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता बेडकाकडे येते. जपानी भाषेत बेडकाला 'काएरू' म्हणतात, आणि 'काएरू' याच उच्चाराच्या क्रियापदाचा अर्थ आहे 'परत येणे'. त्यामुळे तेथे लहानसा बेडूक जवळ बाळगण्याची चाल आहे. गेलेला पैसा परत यावा म्हणून पाकिटात, प्रवासाला निघालेले माणूस सुखरूप परत यावे म्हणून सोबत. तेथील देवळांत 'ओमामोरी' नावाच्या जरीच्या चिमुकल्या पिशव्या मिळतात, त्या दप्तराला लावतात आणि उघडून पाहत नाहीत. पाऊस थांबावा म्हणून पांढऱ्या कापडाची किंवा कागदाची बाहुली करून खिडकीत टांगतात, तिला 'तेरू तेरू बोझू' म्हणतात. गंमत पाहा, त्यांना पाऊस थांबवायचा आहे आणि आमच्या धोंडीला तो आणायचा आहे! आपल्याकडेही बाळाला तीट आहे, मनगटाला काळा दोरा आहे, पोळ्याला बैलाच्या शिंगांना लोकरीचे गोंडे आहेत, आणि ज्या ट्रॅक्टरमधून आमची टोळी जाते त्याच्यापुढे काळी बाहुली लोंबत असते.

येथे माझी थोडी पंचाईत आहे, ती कबूल केली पाहिजे. गतवर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी 'अंधश्रद्धा आणि आजचा तरुण' या विषयावर बोलले होते आणि मला दुसरा क्रमांक मिळाला होता. त्याच महिन्यात मी तो बेडूक विणून आईच्या हाती दिला. एका वर्गबंधूने मला टोकले, "भाषण एकीकडे आणि बेडूक दुसरीकडे!" तेव्हा मी 'ती तर नुसती भेट आहे' असे उत्तर दिले. ते उत्तर पूर्ण खरे नव्हते.

आईने तो बेडूक कोल्हापूरकडच्या फडावर नेला आणि कोपीच्या बांबूला बांधला. जानेवारीत एका रात्री धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, बेडूक हरवला." त्याने तो खेळायला घेतला होता आणि पाचटात कोठेतरी पडला. पाचट पेटवून दिलेले होते. मी त्याला म्हटले, "जाऊ दे रे, दुसरा करू." पण त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे तीनला उठून मी हिरवी लोकर काढली आणि सहा टाक्यांचा फास घातला. मैत्रीण जागी झाली, तिने पाहिले, पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. तिला माझा आवाज कळला असावा. ती म्हणाली, "अगं, बेडूक गेला, आम्ही हाव ना हितं."

मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून केलेला अभ्यास पुढे आमच्या वाचनात आला. तेथील लोक शांत खाजणात मासे धरताना कोणताही मंत्रतंत्र करीत नसत, कारण तेथे मासा हमखास मिळे आणि धोका नसे. परंतु खुल्या समुद्रात, जेथे वादळ केव्हा येईल सांगता येत नाही, तेथे जाताना ते पुष्कळ मंत्रविधी करीत. म्हणजे माणूस अज्ञानी असतो म्हणून ताईत बांधतो एवढेच खरे नाही. जेथे त्याचे कसब संपते आणि भय उरते तेथे तो ताईत बांधतो. हे वाचून मला माझी ती रात्र समजली. बीड ते कोल्हापूर हा माझ्यापुरता खुला समुद्रच होता. अभ्यास करणे माझ्या हाती होते. पण अंधारात उसाने भरलेली ट्रॉली, कोयत्याची धार, कोपीत शिरणारे साप यांतले काहीच माझ्या हाती नव्हते. सुई मात्र हाती होती.

चैत्रात सगळे परत आले. वडिलांच्या डाव्या हाताच्या बोटाला मोठा व्रण होता. कोयता निसटला होता. दवाखान्यात शिवावे लागले होते. ही गोष्ट डिसेंबरातली, म्हणजे बेडूक कोपीत शाबूत असतानाची. मला फोनवर कोणी सांगितले नव्हते, माझी परीक्षा होती म्हणून. मी आईला म्हटले, "मग बेडकाचा काय उपयोग झाला?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बेडूक काय राखणार गं? पर सांजच्याला फडावरून आलं की त्याच्याकडं बघून तुझी याद यायची."

माझ्या भाषणात हा मुद्दा नव्हता. काळ्या बाहुलीवर विसंबून ट्रॅक्टरचे ब्रेक न तपासणे ही अंधश्रद्धा. तिच्याविरुद्ध मी आजही तितक्याच आवेशाने बोलेन. फडावर औषधाची पेटी हवी, हातमोजे हवेत, मुलांना शाळा हवी. त्यांच्या जागी बेडूक चालणार नाही. पण दूर असलेल्या माणसाची आठवण धरून ठेवायला एखादी वस्तू लागते, आणि ती हाताने केलेली असली तर ती जास्त घट्ट धरते. एवढे मान्य करायला वैज्ञानिक दृष्टी आड येऊ नये.

आमच्या घरात पुस्तकाला हात लावणारी मी पहिलीच. दहावी झाल्यावर माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि नवा कोयता झाला की उचल मिळते. आजी आडवी पडली म्हणून मी आज येथे आहे. आई फडात आणि मी वर्गात, याचे ओझे मला पुष्कळदा वाटते. विणताना ते थोडे हलके होते, कारण तेवढा वेळ तरी मीही तिच्यासाठी हाताने काही करीत असते.

ज्यांना शिकावेसे वाटत असेल त्यांनी बेडकापासून सुरुवात करू नये. आधी एक साधा गोळा करावा, फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा धागा अवश्य लावावा, आणि दर फेरीला टाके मोजावेत. चुकले तर निःसंकोचपणे उसवावे. लोकर वाया जात नाही, हा या कलेचा मोठा गुण आहे. मुलांनीही लाजू नये. सुई कोणाचाच हात ओळखत नाही. रविवारी दुपारी ग्रंथालयामागच्या लिंबाखाली आम्ही चार-पाच जणी बसतो. सुई आणि लोकर स्वतःची आणावी, बाकी आम्ही सांगू.

यंदा निघताना आई म्हणाली, "औंदा दोन कर. एक तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे." म्हणून एका बेडकाने कोल्हापूरची वाट धरली आणि दुसरा हे लिहिताना माझ्या दौतीशेजारी बसला आहे. आपल्या हाती हा अंक पडेल तेव्हा हंगाम संपत आलेला असेल.

(द्वितीय वर्ष, कला)